तळव्यांवरचे मणी

शनिवार, दिनांक २३ जानेवारी २०२१. आयर्लंडची राजधानी डब्लिन, तिच्या पश्चिमेचे ल्यूकन हे उपनगर, आणि तेथल्या एका वसाहतीतले, शेजारच्या घराशी एक भिंत वाटून घेतलेले दुमजली घर. सकाळचे अकरा वाजून गेले होते. देशात तिसरी टाळेबंदी चालू होती. पाच किलोमीटरच्या पलीकडे जाण्यास आणि दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्यास मनाई होती. चारुदत्त ओट्याशी उभा राहून बाळाच्या दुधाच्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढत होता, आणि या घरगुती कामातही, औषधांच्या कारखान्यात तो जसा करी तसा, आधी हात, मग चिमटा, मग बाटली, हा क्रम त्याने मोडला नव्हता. मागे टेबलाशी त्याच्या बायकोने, संध्याने, शेजाऱ्याने दारात ठेवलेले पुडके उघडले. तपकिरी कागदाच्या आत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, डब्यात पातळ कागद आणि कागदात चामड्याचे दोन बूट होते. इतके लहान, की संध्याने त्यांत दोन बोटे घालून ते टेबलावर चालवून दाखवले, तेव्हा ते बोटांनाच पुरते बसले.

"चारू, बघ ना! मॅलाकीआजोबांनी दिलेत. आईचं काम झालं बाई एकदाचं."

चारुदत्तने हात कोरडे केले आणि एक बूट उचलून उलटा केला. कोणतीही वस्तू हाती आली की तो आधी तिची खालची बाजू पाही. माल पास करण्याची नोकरी माणसाला जी खोड लावते ती अशी. वरच्या बाजूला काचेच्या बारीक मण्यांच्या ओळी होत्या, पांढऱ्या जमिनीवर निळे आणि लाल त्रिकोण. ते तर दिसतच होते. पण तळव्यालाही मणी होते. टाचेपासून चवड्यापर्यंत, बोटभरही जागा न सोडता, मणीच मणी. असे मणीकाम त्याने गेल्या वर्षी, अमेरिकेतल्या जमातींविषयी वाचताना, चित्रांत पाहिले होते. तळव्याला मणी लावलेला बूट घालून कोणी चालू शकत नाही. ज्या बाईने हे मणी ओवले तिला ते ठाऊक होते. मूल अजून चालणारे नव्हते, त्याला कडेवरच राहायचे होते, आणि कडेवरच्या मुलाचे तळवेच तर आल्यागेल्याला दिसतात. तेवढ्यात संध्याने दुसरा बूट पाळण्यात निजलेल्या मुलीच्या पायात चढवलाही होता. चारुदत्त पुढे झाला आणि त्याने तो काढून घेतला. चामड्याला आतून ऊब आली होती. मुलीच्या पायाची ऊब, दुसऱ्या कोणाची नाही, हे त्याने स्वतःला दोनदा बजावले.

ही मागणी निघाली होती नागपूरहून. संध्याच्या आई, विजयालक्ष्मीबाई, यांच्या घरी तान्ह्या मुलाला कोरे कापड घालत नसत. बारशापर्यंत अंगावरचे घालायचे. म्हणजे ज्या घरातली मुले जगली, वाढली, नांदली, त्या घरातल्या मुलाच्या अंगावरून उतरलेले. असे कापड मऊ असते, हे त्याचे शहाणे कारण; आणि असे कापड मुलाला जगण्याची वाट दाखवते, हे खरे कारण. एरवी ल्यूकन-ॲडम्सटाउन पट्ट्यात मराठी घरांची वाण नव्हती, आणि झबली-टोपड्यांच्या पिशव्या या घरातून त्या घरात फिरत असत. पण यंदा कोणी कोणाच्या दारात जात नव्हते; एका मैत्रिणीच्या घरी आजार होता, दुसरी धास्तावलेली होती, आणि मुलगी जन्मल्यापासून दुकानातल्या कोऱ्या कपड्यांत गुंडाळलेली होती. विजयालक्ष्मीबाई रोज व्हिडिओवर एकच विचारत: "घातलं का बाळाले अंगावरचं? काहून नाही घातलं? निदान बारशाआधी एकदा तरी घाल बाप्पा." तेव्हा संध्याने मागच्या भिंतीवरून शेजारी मॅलाकी मलहॉल यांना विचारले होते. एक्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा एकटा राही. त्याची बायको फिलोमिना गेल्या एप्रिलमध्ये गेली आणि दफनाला दहाच माणसांना परवानगी होती. मुलगी पर्थला, मुलगा बॉस्टनला, दोघांनीही ते फोनवर पाहिले. तेव्हापासून त्याचे सामान चारुदत्त आणी, आणि तो संध्याला भिंतीवरून सोडा घातलेल्या पावाची कृती सांगे. या मुलीला जवळपास जर कोणी आजोबा होते तर ते हेच. जन्मापूर्वीच त्याने तिचे नाव "धाकटी बाई" ठेवले होते.

दुपारी पाऊस थांबल्यावर चारुदत्त मागच्या अंगणात गेला. मॅलाकी भिंतीपलीकडे खुर्ची टाकून, गुडघ्यांवर कांबळे घेऊन बसला होता. बोलणे अर्थातच इंग्रजीत झाले, पण ते चारुदत्तच्या मनात मराठीतच उतरत गेले.

"बसले का धाकट्या बाईला?"

"बसतात. फार नाजूक काम आहे. कुठले हो हे?"

"अरे, तेच तर सांगायचं होतं! संध्या म्हणाली, जगल्या-वाढल्या मुलाचं काहीतरी हवं. कपडे तर फिलोमिनानं कधीच देऊन टाकले. पण हे बूट! माझे वडील यांत न्हाले, मी न्हालो, माझी दोन्ही पोरं. बाप्तिस्म्याला हेच बूट. आणि ऐक, या बुटांत घातलेलं एकही मूल आमच्यात दगावलेलं नाही. त्या काळात, लॅड! शेजारी पोरं माशांसारखी मरत होती."

"पण आणले कोणी?"

"थॅडीनं. माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. अमेरिकेत घोडदळात होता. सू लोकांशी शेवटची मोठी लढाई झाली बघ, अठराशे नव्वद साली, नाताळच्या आठवड्यात. वूंडेड नी नावाच्या ओढ्यावर. तिथं बर्फात सापडले म्हणायचा. कोणाचे नव्हते."

"कोणाचे नव्हते," चारुदत्त म्हणाला.

"कोणाचेच नव्हते. आता तुमचे. ग्रँड!"

मॅलाकी इतका खूश होता की चारुदत्त हसला. ते हसू तो आत घेऊन आला आणि स्वयंपाकघरात पोचल्यावर त्याला ते तोंडावरून काढता येईना. त्याच्या दुर्दैवाने त्याला सगळे ठाऊक होते, आणि हे ज्ञानही मॅलाकीच्याच सोबतीने आलेले होते. गेल्या मे महिन्यात या देशात एक लाट उठली होती: दुष्काळात, १८४७ साली, चॉक्टॉ नावाच्या एका हाकललेल्या जमातीने उपाशी आयरिश लोकांसाठी वर्गणी पाठवली होती, तिची आठवण ठेवून आयरिश लोक आता महामारीत सापडलेल्या तिकडच्या जमातींना मदत पाठवत होते. मॅलाकीनेही पाठवली आणि भिंतीवरून सांगितले, "आम्ही उपकार विसरत नाही." चारुदत्तनेही पाठवली. पण एखादी गोष्ट अर्धी वाचून सोडणे त्याच्या लेखी अस्वच्छपणा होता, म्हणून तो वाचत गेला. चॉक्टॉंकडून इतरांकडे आणि इतरांकडून लाकोटांकडे, ज्यांना मॅलाकी सू म्हणत होता. १८६८चा तह, काळे डोंगर कायमचे तुमचे असे त्यात लिहून दिलेले. सहा वर्षांत तेथे सोने सापडले आणि 'कायमचे' संपले. ७६ साली लाकोटांनी आणि त्यांच्या मित्रांनी नदीकाठी घोडदळाची एक मोठी तुकडी कापून काढली, आणि त्या विजयाचे व्याज सरकार पुढे चौदा वर्षे वसूल करत राहिले: घोडे गेले, बंदुका गेल्या, रानातले गवे गेले, शिधा निम्म्यावर आला. मग उपाशी माणसे नाचू लागली, मेलेले परत येतील म्हणून. आणि नाचणाऱ्यांना भिऊन सैन्य आले.

त्या डिसेंबरच्या सकाळचे चित्र तर त्याच्या डोळ्यांपुढून जात नसे. शरण आलेली साडेतीनशे माणसे, त्यांत बायका-मुलेच अधिक. न्यूमोनियाने आजारी पडलेला, गाडीत निजवून आणलेला त्यांचा म्होरक्या. वर फडकणारे पांढरे निशाण. भोवती पाचशे सैनिक आणि टेकडीवर चार तोफा. शस्त्रे गोळा करताना एक गोळी सुटली, कोणाची ते आजवर नक्की नाही, आणि मग तोफांनी तंबूंवर तोंड फिरवले. पळत्या बायकांना ओढ्यातून मैल-मैल पाठलाग करून मारले. सरकारने त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल शौर्यपदके दिली. न्यूमोनिया हा शब्द वाचताना गेल्या वर्षी चारुदत्त थबकला होता, कारण त्या दिवसांत तो शब्द रोजच्या बातम्यांत होता. इतिहास आजारी माणसासारखा शेजारच्या खोलीत खोकत असल्याचा त्याला भास झाला होता. आता तो टेबलावर येऊन बसला होता, मण्यांचे तळवे वर करून.

आणि एक तपशील होता. कारखान्यात काही बिघडले की चौकशी चारुदत्तकडे येई, आणि त्याचा एकच नियम होता: आधी घटनांचा क्रम लावा, मग कोणाचे म्हणणे कोणत्या खाचेत बसते ते पाहा. कत्तल झाली त्या दिवशी हवा उघडी होती, जमीन कोरडी होती. ती पलटण त्याच संध्याकाळी आपले जखमी घेऊन निघून गेली. हिमवादळ नंतर आले. प्रेते बर्फात गोठून पडली ती पलटण गेल्यावर, आणि नव्या वर्षात त्यांना एका खड्ड्यात लोटायला गेली ती टोळी भाड्याची होती. म्हणजे थॅडीला ते बूट बर्फात सापडले नव्हते. किंवा थॅडी पुढे त्या टोळीबरोबर गेला असेलही, असे चारुदत्तने प्रामाणिकपणे मांडून पाहिले. पण मग ते गोठलेल्या पायांवरून उतरवले. कोणताही क्रम लावला तरी 'कोणाचे नव्हते' हे वाक्य कोठेच बसत नव्हते. आणि त्याच्या मुलीला ते हवे होते जगल्या-वाढल्या मुलाच्या अंगावरचे म्हणून.

"मग नको घालूया," संध्या म्हणाली. तिने सगळे ऐकून घेतले होते, मुलीला खांद्यावर थोपटत. "डब्यात ठेवू. आईला सांगू, घातले. पण त्यांना काय सांगणार आहेस तू? चारू, माझ्याकडे बघ. त्यांना काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते."

"एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला? बायको गेल्याला वर्ष नाही झालं. त्यानं घरातली सगळ्यात मोठी वस्तू उचलून दिली आपल्याला. आपल्याला! स्वतःच्या नातवंडांना नाही. आणि तू जाऊन त्याला हिस्ट्रीचं लेक्चर देणार?"

"त्याच्याच घरातल्या मुलाचे असते तर काही बोललो नसतो. ते बूट कुणाच्या तरी घरचे आहेत, संध्या. ती माणसं अजून आहेत. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या रस्त्यांवर चौक्या बसवल्या, आजार आत येऊ नये म्हणून, गव्हर्नरशी भांडून. आणि मॅलाकीनं दिलेले बूट मी त्याला न विचारता त्यांना परत पाठवू? ती दुसरी चोरी झाली."

"तुला बरोबर असायचं असतं. कायम. बरोबर असणं हा छंद आहे तुझा, लोक क्रिकेट बघतात तसा." तिचा आवाज खाली आला. "इथे आपलं कोण आहे? हिला खिडकीतून टाटा करणारं एक माणूस आहे. एक."

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस तो या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला. मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद करून, तो खिडकीतून मॅलाकीच्या परसातली खुर्ची पाही. सत्य सांगणे आवश्यक आहे, हे विधान त्याने तपासून घेतले, कारण न तपासलेले विधान तो स्वतःचेही मान्य करीत नसे. सत्याने ते मूल परत येणार होते काय? नाही. थॅडीला शिक्षा होणार होती काय? थॅडी मरून सत्तर वर्षे झाली असतील. मग सत्याची गरज कोणाला होती? आणि येथे त्याला, अगदी मनाविरुद्ध, पुण्याच्या घरातला पाळणा आठवला. शिसवी लाकडाचा, चारही खांबांवर पोपट कोरलेले, दांड्यांत लाखेच्या रंगाचे लाकडी मणी फिरत असत. त्याला 'निजामाकडचा पाळणा' म्हणत. चारुदत्तचे आजोबा अठ्ठेचाळीस साली, हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, लष्कराला माल पुरवणाऱ्या कोणा ठेकेदाराकडे कारकून होते आणि फौजेच्या मागोमाग परभणीकडे गेले होते. परतताना हा पाळणा आला. उघडे घर होते, म्हणत; कोणी नव्हते तिथे. चारुदत्त त्यात निजला होता, त्याची दोन्ही आत्तेभावंडे निजली होती, सर्वांची बारशी त्यातच झाली होती, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणत त्याच दांडीखालून बायकांनी त्याला फिरवले होते. दहा वर्षांचा असताना एका सणाला, पंगत बसलेली असताना, त्याने विचारले होते, "मग त्या घरातलं बाळ कुठे निजलं?" वाढणारा हात क्षणभर थांबला होता. मग काकू म्हणाली होती, "पोळीवर तूप घे," आणि पंगत पुढे सरकली होती. त्या तुपाची चव अजून त्याच्या टाळूला होती. पाळणा पुढे वाळवी लागून गेला. परत करण्यासारखे काहीच उरले नाही, आणि कोणाला करायचे तेही कोणी विचारून ठेवले नाही.

म्हणजे ज्याने त्या पाळण्यात झोप काढली, त्याने दुसऱ्याच्या बुटांबद्दल कोणत्या तोंडाने बोलावे? हा आक्षेप त्याने स्वतःवर घेतला, आणि बराच वेळ तो आक्षेप त्याला पुरून उरला. मग सोमवारी संध्याकाळी, मुलीचे तळवे पुसत असताना, त्याला उत्तर सापडले, आणि ते उत्तर इतके साधे होते की त्याला स्वतःची चीड आली. त्याच तोंडाने. दुसरे तोंड आणणार कोठून? ज्याच्या घरात असे काही कधीच आले नाही अशा स्वच्छ माणसाची वाट पाहायची, तर ते बूट आणखी एकशे तीस वर्षे डब्यात राहतील.

मंगळवारी तो डबा घेऊन मॅलाकीच्या फाटकाशी गेला. सामानाची पिशवी पायरीवर ठेवून तो नियमाप्रमाणे मागे सरला. मॅलाकी दारात आला, उंबरठ्याच्या आत, हात चौकटीला लावून.

चारुदत्तने सांगितले. भाषण तयार केले होते, ते सगळे त्याने टाकून दिले आणि क्रमाने सांगितले: निशाण, तोफा, ओढा, बायका. मॅलाकी ऐकत होता.

"ती लढाई होती," मग तो म्हणाला. "आमच्या घरात ती लढाईच होती. थॅडीच्या बापाचं घर सैनिकांनी ओंडक्यानं पाडलं, माहीत आहे? खंड थकला म्हणून. पोरं चिखलात. थॅडी सोळा वर्षांचा. त्याला त्या डोंगरावर कोणी नेलं? भुकेनं नेलं. तू पुस्तकं वाचलीस. आम्ही त्या चिखलात होतो."

"मान्य आहे."

"मान्य आहे म्हणे! तू काल आलास या देशात, चारू."

"बारा वर्षं झाली."

"तेच म्हटलं मी. काल." त्याने श्वास घेतला. "बर्फात पडले होते. त्याने उचलले. कुजण्यापेक्षा बरं ना? आम्ही जपले. माझ्या आईनं टाच उसवली तर शिवली, बघ, तिचा दोरा आहे त्यावर."

तो दोरा चारुदत्तने पाहिला होता. मूळची शिवण जनावराच्या स्नायूच्या धाग्याची होती, सुकून पिवळी पडलेली. आणि टाचेशी साध्या सुती दोऱ्याचे सहा टाके, बारीक, मायेने घातलेले. तो दोराच सगळ्यात कठीण होता. या म्हाताऱ्याला दुखवल्यावाचून पुढचे वाक्य बोलता येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसले. आणि न बोलता परत फिरलो तर उद्यापासून आपण या दारात सामान ठेवू ते लाच म्हणून, हेही दिसले.

"त्या दिवशी बर्फ नव्हतं, मॅलाकी."

"काय?"

"बर्फ नंतर पडलं. पलटण निघून गेल्यावर. त्या दिवशी जमीन कोरडी होती. ते बूट बर्फात सापडू शकत नाहीत. ते कुणाच्या तरी पायांत होते."

रस्त्यावरून एक बाई कुत्रा घेऊन गेली आणि दोघांनाही हात करून गेली; दोघांनीही सवयीने हात वर केला. मग मॅलाकी म्हणाला, "म्हणजे माझ्या पोरांना मी मढ्यावरचं घातलं. हे सांगायला आलास तू मला." चारुदत्त डबा परत द्यायला आला नव्हता, परवानगी मागायला आला होता. पण ते वाक्य बाहेर पडण्याआधीच दार लागले होते. आपटून नाही. अगदी हलक्या हाताने, कडी बसल्याचा आवाज होईपर्यंत.

बुधवारी सामानाची पिशवी पायरीवर तशीच होती. गुरुवारी दूध फुगले. संध्याने ती पिशवी उचलून आणली, ओट्यावर ठेवली आणि चारुदत्तशी एक अक्षर न बोलता त्यातल्या वस्तू एकेक करून जागेवर लावल्या. चारुदत्तने माफीची चिठ्ठी लिहिली नाही. तिने एकदा विचारले, "लिहिशील का दोन ओळी?" तो म्हणाला, "तुमच्या मनाला लागलं याचं वाईट वाटतं, असं लिहू शकतो. चुकीचं बोललो, असं लिहू शकत नाही." ती म्हणाली, "मग राहू दे. त्यांना त्यातला फरक कळेल." त्याने नवीन पिशवी भरली आणि पायरीवर ठेवून आला. ती शुक्रवारी आत गेली होती. म्हातारा खात होता, एवढे कळले. रात्री भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज येई तो मात्र येईनासा झाला होता, आणि सामायिक भिंतीला कान लावल्यासारखे दोघे नवराबायको आपापल्या कुशीवर जागे असत.

खरे तर विजयालक्ष्मीबाईंना फसवायचे ठरले होते, पण संध्याला ते जमले नाही. शनिवारी व्हिडिओवर तिने आईला सगळे सांगून टाकले. नागपूरच्या त्या खोलीत पंखा फिरत होता. बाई चष्मा पुसत राहिल्या. "लेकराच्या पायातले काढले?" त्यांनी विचारले. "जितं होतं का ते?" "माहीत नाही, आई." "बाप्पा." मग चष्मा लावून, अगदी व्यवहारी आवाजात, "तू जगली ना? वाढली ना? मग तुझंच काही फाड अन् शिव. त्याच्याहून अंगावरचं काय राहते?" संध्याने आपला जुना सुती कुडता कापला आणि हातशिलाईने वेडेवाकडे झबले शिवले. रविवारी, महिनाअखेरीला, बारसे झाले; पडद्यावर चौकोना-चौकोनांत नातलग, आवाज एकमेकांवर आदळणारे, पुण्याहून काकूचा चौकोन गोठलेला. मुलीच्या कानात गिरिजा हे नाव सांगितले गेले. खिडकीबाहेर हात करायला कोणी आले नाही. संध्या दोनदा तिकडे पाहताना चारुदत्तने पाहिले, आणि त्या वेळी आपण योग्य केले याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती, आणि त्यामुळे त्याला यत्किंचितही बरे वाटत नव्हते. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे त्याला आजवर कोणत्याही चौकशीत आढळले नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी कोरडे ऊन पडले. चारुदत्त मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होता. भिंतीपलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"आहेस का तिथे?"

"आहे."

मॅलाकीने दाढी केलेली नव्हती. तो चारुदत्तकडे न पाहता भिंतीच्या माथ्यावरच्या शेवाळाकडे पाहत होता.

"माझी धाकटी बहीण. सेहेचाळीस साली झाली. तिच्या बाप्तिस्म्याला आईनं ते बूट काढले, तेव्हा मी सात वर्षांचा. थॅडी तोवर म्हातारा, चुलीपाशी बसलेला असायचा. बूट टेबलावर आले आणि तो उठला. गोठ्यात जाऊन बसला, गायींत, सगळं उरकेपर्यंत. मी त्याला जेवायला बोलवायला गेलो तर बादली पालथी घालून भिंतीकडे तोंड करून बसलेला. आई म्हणाली, त्याला पोरांचं रडणं सोसत नाही. वडिलांच्या वेळीही तो असाच उठून गेला होता म्हणे. घरात सगळ्यांना ठाऊक, थॅडीला रडणं सोसत नाही." त्याने शेवाळावर बोट घासले. "अकरा दिवस मी हेच आठवतोय. बहीण रडत नव्हती, चारू. झोपलेली होती."

चारुदत्तच्या हातात मुलीचे ओले झबले होते. ते त्याने दोरीवर टाकले आणि चिमटा लावला, कारण हातांना काहीतरी करायला हवे होते.

"मी पर्थला फोन केला. बॉस्टनलाही. मुलगा ओरडला, मुलगी रडली. मी दोघांना सांगितलं, वस्तू माझ्या हातची आहे, मी ठरवीन." मॅलाकी उठला, खुर्चीच्या पाठीला धरून त्याने आधी तोल सावरला. "आईचा दोरा उसवायचा नाही. तसाच जाऊ दे. त्या लोकांना कळू दे की कोणीतरी टाच शिवली होती."

"नाही उसवणार."

"तुझं म्हणणं खरं आहे. ते बूट त्यांचे आहेत, पाठवून दे," मॅलाकी म्हणाला. "आणि सामान घेऊन यापुढे तू येऊ नकोस. संध्याला पाठवत जा."